मुंढ्यातली चिठ्ठी

दुपारचे अडीच वाजलेत. झोपायचं नाही असं स्वतःला बजावून वत्सला नेर्लेकर खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, आणि असं बजावून बसलेला माणूस हमखास पेंगतो. मांडीवर तो कोट आहे. बाहेरून काळी घोंगडी, आतून शंभर वर्षांपूर्वीचा किनखाप, जरीनं विणलेला. त्याला मेंढराचा आणि डांबरगोळ्यांचा वास येतोय. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देतो. मग दुसरी होते. तिसरी शिट्टी कुकरची की आणखी कशाची, हे तिला नीट कळत नाही.

चारला नाडगोंड्यांची गाडी कोट न्यायला येणार आहे. साडेपाचला त्यांच्या पेढीत प्रदर्शन उघडायचंय. कोल्हापुरातली ही सव्वाशे वर्षांची पेढी. एके काळी दरबारी अंगरखे इथं शिवले जायचे, आणि हे लोक त्याबद्दल असं बोलतात की दरबार जणू यांनीच भरवला होता. प्रदर्शनाचं नाव आहे, 'उदयन सासने: एक पुनर्विचार'. पेढीसाठी नव्या धर्तीचे कपडे रचणाऱ्या याच उदयनला अकरा वर्षांपूर्वी याच पेढीनं चारचौघांत चोर ठरवून पायरीवरून खाली उतरवलं. तो जाऊनही सहा वर्षं झाली. आता परदेशातल्या कुठल्याशा म्युझियमनं त्याचा हा कोट मागितला, तेव्हा मालक बाळासाहेब नाडगोंड्यांना त्याच्याविषयी एकाएकी उमाळा दाटून आलाय. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे त्याला थोर म्हणायला फार सोपं जातं.

वत्सलेनं त्या पेढीत पस्तीस वर्षं कापड कापलं. कोटाला कसर लागली होती, ती रफू करायला तिच्याकडेच पाठवली. 'उद्घाटनाला तुम्हीही दोन शब्द बोला' असा निरोप आला. दोन शब्द तिच्याकडे आहेत. ते ऐकल्यावर बाळासाहेबांच्या डोक्यावरचा फेटा ढळेल, अशी तजवीज तिनं करून ठेवलीय. गेले तीन दिवस त्या विचारानं तिला जेवण गोड लागतंय.

तजवीज कोटाच्या उजव्या मुंढ्यात आहे. बाही खांद्याला जोडतात ती गोल शिवण म्हणजे मुंढा. नाडगोंड्यांकडे रिवाज असा, की मालकाच्या चिठ्ठीशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. चिठ्ठी कागदाची नसते, मांजरपाटाच्या तुकड्यावर शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेली असते. कोणतं कापड, कशासाठी, खाली मालकाची सही, त्याखाली कापणाऱ्याचं नाव. हा तुकडा लाल दोऱ्यानं मुंढ्याच्या आत टाचून ठेवायचा आणि कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देतानाच काढायचा. हा कोट कुणाच्या हाती गेलाच नाही. अकरा वर्षं तो गोदामात कुलपात होता, आणि चिठ्ठी त्याच्या आत.

बाळासाहेबांना वाटतं ती तेव्हाच जळाली. "जाळली," असं वत्सलेनंच त्यांना सांगितलं होतं.

फक्त एक अडचण आहे. चिठ्ठीवर खालचं नाव तिचं आहे. तेवढा भाग कापून टाकायचा आणि वरचा अर्धा सभेत सगळ्यांना दाखवायचा, असं तिचं ठरलंय. कात्री खुर्चीच्या हातावर ठेवलेली आहे. पाच मिनिटं डोळे मिटावेत आणि मग मुंढा उसवावा, असं ती मनाशी म्हणते.

"पाच मिनिटं म्हणजे किती गं, ताई?" उदयन विचारतो.

तो तिच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर बसलाय. चाळिशीच्या आतला, दाढी वाढलेली, शर्टाच्या कॉलरला तीन-चार टाचण्या खोचलेल्या. डाव्या हातानं टेप गुंडाळतोय. तो डावखुरा होता, हे ती विसरून गेली होती.

"तू मेलास न्हवं?" वत्सला विचारते. घाबरायला हवं हे तिला कळतंय, पण भीती काही येत नाही.

"व्हय की."

"मग हितं काय करतुयास?"

"माप घ्यायला आलोय. ऊठ, सरळ हुबी ऱ्हा."

ती उठते. मांडीवरचा कोट खाली पडत नाही, तिथंच हवेत राहतो, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. उदयन टेप तिच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत धरतो. टेपवर आकडे नाहीत. तरी तो मान हलवतो, जणू सगळं वाचता आलं.

"जरा झुकलायस, ताई. उजव्या अंगाला."

"वय झालं लेका. चौसष्ट."

"वयानं माणूस दोन्ही अंगांनी झुकतंय," तो म्हणतो आणि टेप सोडून देतो.

टेप जमिनीवर पडून लांब लांब जातो, दाराच्या उंबऱ्यावरून पुढं, आणि त्याच्या कडेकडेनं पेढीचं कापायचं टेबल लागतं. तेच ते सागवानी टेबल, ज्याच्या कोपऱ्यावर वत्सलेनं पस्तीस वर्षं कोपर टेकवलं. दालनात पुतळे उभे आहेत. त्यांना मुंडकी नाहीत, पेढीत कधीच नसायची, पण आज सगळ्यांच्या छात्या तिच्याकडे वळलेल्या आहेत. टेबलावर तो किनखापी अंगरखा पसरलाय, अजून अख्खा, कुणा सरदाराचा, त्याच्या घरच्यांनी जपून ठेवायला पेढीकडे दिलेला. जरीवर ऊन पडलंय. खिडकी मात्र कुठंच दिसत नाही.

"आता बघ," उदयन म्हणतो. "हात येतोय."

टेबलाच्या पलीकडून एक हात येतो. नुसताच हात, बोटात पोवळ्याची अंगठी. तो मांजरपाटाचा तुकडा पुढं ओढतो, पेन्सिलीचं टोक ओलं करतो आणि लिहितो. पेन्सिल ओली करायला जीभ कुठून आली, असा विचार वत्सलेच्या मनात येतो आणि निघून जातो.

"बाळासाहेबांनीच लिवली," ती म्हणते. "मी हितंच हुतो. मला सगळं आठवतंय. हसत हसत लिवली. म्हणाले, अशी खळबळ उडाली पायजे की मुंबईपर्यंत आवाज गेला पायजे."

"आणि तू काय म्हणालीस?"

वत्सला टेबलावरची सुरकुती हातानं सारखी करते.

"बोल की. मेलेल्यापुढं कसली लाज?"

"मला घाण वाटली हुती," ती अखेर सांगते. "तुझा कोट बघून. घोंगडी वर आणि राजाचं कापड आत! मला वाटलं, ह्या पोराला नक्की काय करायचंय? आमच्या सात पिढ्यांनी जे वर मिरवायला शिवलं, ते ह्यो अस्तराला लावतोय. तुला शिव्याबी घातल्या मी, मनात."

उदयन हसतो. तो हसायचा तेव्हा समोरच्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटायचं, आणि तेवढ्यासाठी पेढीतली निम्मी माणसं त्याच्यावर खार खाऊन होती. स्वभावानं तो गोड नव्हताच. कारागिरांवर ओरडायचा, शिवलेलं फाडून टाकायचा, एकदा त्यानं वत्सलेच्या तोंडावर कॉलर फेकली होती. मेल्यावर तो सुधारलेला नाही.

"आणि आता?"

"आता तीन दिवस रफू करतोय की त्याला. आतनं हात घातला." वत्सलेचा आवाज जरा खाली येतो. "ते कापड अंगाला लागतं रे. वरनं बघणाऱ्याला काळी घोंगडी दिसती, मेंढक्याची. आणि जो घालतो त्याच्या अंगाला किनखाप. त्याचा त्यालाच ठाऊक. दुसऱ्या कुणाला दाखवायचा न्हाई. मला हे तवा कळलं न्हाई."

"अकरा वर्षं लागली तुला."

"लागली."

"त्या परदेशातल्या लोकांना एक फोटो बघून कळलं," तो म्हणतो, आणि हे मात्र तिला झोंबतं.

ती काहीतरी लागट उत्तर देणार एवढ्यात काच फुटते. पेढीच्या दर्शनी भागाची मोठी काच. ते दोघं आता पायरीवर उभे आहेत, रस्त्यात माणसं आहेत, त्यांच्या तोंडाच्या जागी नुसता आवाज आहे. वस्त्राचा अपमान, घराण्याचा अपमान, सगळ्यांचा अपमान. सरदाराच्या घरचे पुढं, त्यांच्यामागं वर्तमानपत्रवाले, आणि वर्तमानपत्रवाल्यांच्या खुर्च्यांवर पुतळेच बसलेत, मांडीवर वह्या घेऊन. बाळासाहेब पांढऱ्या फेट्यात उभे आहेत. आता त्यांना हातासोबत सगळं अंग आहे.

"हा प्रकार आमच्या पाठीमागे झाला," बाळासाहेब म्हणतात. "सासन्यांनी तो अंगरखा आमच्या नकळत कपाटातून काढला आणि कापला. आम्हाला अतिशय दुःख झालेलं आहे." मग ते वळतात. "वत्सलाबाई, तुम्ही त्या दालनात असता. तुम्ही काही पाहिलंत?"

वत्सलेला हा क्षण पाठ आहे. गेली अकरा वर्षं हा क्षण कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना, देवापुढं उदबत्ती लावताना तिच्यापुढं येऊन उभा राहतो. आज ती खरं सांगणार आहे. ती तोंड उघडते, पण तोंडात टाचण्या आहेत. शिवताना ओठांत धराव्यात तशा, पण मूठभर, जिभेखालीसुद्धा. बोलायला गेलं तर टोचतील. ती हातवारे करते, चिठ्ठी, मुंढा, लाल दोरा, कुणालाच समजत नाही. पुतळे वहीत काहीतरी लिहून घेतात.

उदयन तिच्या कानाशी येतो. त्याच्या श्वासाला काहीच वास नाही.

"त्या दिवशी तोंडात टाचण्या न्हवत्या, ताई," तो म्हणतो. "त्या दिवशी तोंड मोकळं हुतं."

टाचण्या नाहीशा होतात. आणि तिचं तोंड, तिचंच तोंड, जे तेव्हा म्हणालं तेच पुन्हा म्हणतं: "मला काय ठाऊक न्हाई."

पुढच्या महिन्यात तिला हेड मास्तर, म्हणजे सगळ्या कापणाऱ्यांची प्रमुख, केलं. पेढीच्या इतिहासात पहिली बाई. पेढे वाटले होते तिनं. त्यातला एक पेढा उदयन आता तिच्यापुढं धरतो, आणि तो घेण्यासाठी तिनं हात पुढं केला तोवर ते एका अंधाऱ्या खोलीत आलेले असतात. तिथं जेमतेम एक मशीन आणि एक मोरी आहे. दारावर पाटी: 'फॉल-पिको करून मिळेल'. ही इचलकरंजीची खोली, उदयननं शेवटची वर्षं काढली ती. वत्सला इथं कधी आलेली नाही, तरी ती तिला ओळखते. उदयन मशीनवर वाकून कुणाच्या तरी नायलॉनच्या साडीला फॉल लावतोय. मध्येच खोकतो, आणि खोकून झाल्यावर टाका जिथं सोडला होता तिथूनच बरोबर पुढं चालू करतो. एवढं सुरेख काम नायलॉनच्या साडीला कशाला, असं वत्सलेच्या मनात येतं आणि तिला रडू फुटतं.

"मी आलो असतो," ती म्हणते. "दोनदा बसस्टँडपर्यंत आलो हुतो, देवाशप्पथ."

"बसस्टँडपर्यंत समदी येत्यात."

"उदयन, ऐक. आज मी तुझा सूड घेतोय. बाळासाहेबाला न्हाई सोडत. समद्या गावापुढं त्याची सही दाखवतो. त्याच्या म्युझियमवाल्यांपुढं, त्याच्या सुनेपुढं. असं पाणी पाजतो त्याला की परत फेटा बांधायची हिंमत व्हायची न्हाई त्याची."

"माझा सूड?" उदयन मशीन थांबवतो. "दोन वरसापूर्वी त्यानं कटिंगचं मशीन आणलं आणि तुला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवली. त्याआधी कधी आली हुती तुला माझी आठवण?"

ते खरं आहे. नारळ अजून वरच्या फळीवर आहे. तिनं तो फोडलेला नाही, रागानं.

"तुझा राग तू माझ्या नावावर चालवतीयास," तो म्हणतो. आता तो हसत नाहीये. "चालव. माझी हरकत न्हाई. बाळासाहेबाची फजिती मलाबी बघायचीय, लई दिवस वाट बघतोय मी. पर ती कात्री कशाला आणलीस?"

कात्री तिच्या हातात आहे. कधी घेतली ते तिला माहीत नाही.

"खालचं नाव कापायला," उदयनच सांगतो. "म्हंजे आज बाळासाहेब एकटा चोर. अकरा वरसामागं मी एकटा चोर हुतो. तू तवाबी वळचणीला, आताबी वळचणीलाच. कापड कुणी कापलं गं, ताई? कात्री कुणाच्या हातात हुती?"

"माझ्या," ती म्हणते.

"हात थरथरला हुता?"

"न्हाई." तिला खोटं बोलताच येत नाही इथं. "लई सरळ कापलं. तसा किनखाप परत कापायला मिळायचा न्हाई, असं वाटलं हुतं. मजा आली हुती मला."

उदयन कोट ओढून मांडीवर घेतो, उजवी बाही उलटी करतो आणि मुंढा उसवायला लागतो, डाव्या हातानं, एकेक टाका, न तोडता. काळा दोरा बाजूला टाकतो. मग आतला लाल दोरा लागतो.

"हात आण," तो म्हणतो.

ही त्याची जुनी खोड होती. उसवलेला दोरा कधी फेकायचा नाही, जो कोणी शेजारी असेल त्याच्या करंगळीला गुंडाळायचा. किती तरी वेळा वत्सला करंगळीला रंगीबेरंगी दोरे घेऊन घरी गेली होती. ती डावा हात पुढं करते. तो दोरा गुंडाळतो, एक वेढा, दुसरा, तिसरा, आणि प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा आवळून.

"दुखतंय रे."

"दुखू दे."

"माफ करशील काय मला?"

"न्हाई," तो सरळ म्हणतो. "माफी मागायला आलो न्हाई मी, आणि द्यायलाबी न्हाई. मला तुझं नाव पायजे. त्याच्या नावाखाली, जिथं हाय तिथं. अर्धी चिठ्ठी घेऊन गेलीस तर रोज दुपारी येईन. रोज माप घेईन. बघ मग झोप लागती काय ते."

तो दात लावून दोऱ्याची गाठ मारतो. कुकर शिट्टी देतो, पण ती फार लांबते, आणि मग तो गाडीचा हॉर्न होतो.

वत्सला डोळे उघडते. भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस. तोंडाला कोरड पडलीय. कोट मांडीवर आहे, उजवी बाही उलटी, आणि मुंढा उघडा. शेजारी काळ्या दोऱ्याचा एक अख्खा तुकडा पडलाय, कुठंही न तुटलेला. चष्मा टेबलावर आहे, घडी घालून. चष्म्याशिवाय तिला सुईचं नेढंसुद्धा दिसत नाही, आणि एवढा दोरा अखंड काढणं तिच्या हाताला गेल्या दहा वर्षांत जमलेलं नाही. कात्री खुर्चीखाली पडलीय.

झोपेत माणूस काय वाटेल ते करतो, असं ती स्वतःला सांगते. मग तिचं डाव्या हाताकडे लक्ष जातं. करंगळीला लाल दोरा गुंडाळलाय, इतका आवळून की टोक निळं पडलंय. शेवटी गाठ आहे, आणि गाठ ओली आहे.

चिठ्ठी तिच्या पदरावर पडलेली असते. ती चष्मा लावून वाचते. अकरा वर्षांत शाई थोडी फुटलीय, एवढंच. 'किनखापी अंगरखा, जुना. अस्तरासाठी कापावा. बा. नाडगोंडे.' आणि त्याखाली, तिच्या तेव्हाच्या ठसठशीत अक्षरात: 'कापला. वत्सला नेर्लेकर.'

ती ते दोनदा वाचते. खुर्चीखाली वाकून कात्री उचलते, आणि ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर बंद करते. नंतर तिला घाई होते. पहिल्यांदा ती मुंढा काळ्या दोऱ्यानं मिटवून टाकते, कारण काम अर्धवट पाठवणं तिच्या रक्तात नाही. मग करंगळीची गाठ नखानं सोडवते, तोच लाल दोरा सुईत ओवते आणि चिठ्ठी कोटाच्या डाव्या छातीवर, बाहेरून, घोंगडीवर शिवते. चारी बाजूंनी, अगदी जवळजवळ टाके घालून, कुणी ओढली तरी सुटू नये अशी. काळ्यावर पांढरा तुकडा खोलीच्या दारातूनसुद्धा दिसतो.

"वत्सलाताई!" खालून पेढीचे ड्रायव्हर रज्जाकभाई हाक मारतात. "झालं काय? बाळासाहेबांचे दोन फोन आलं!"

ती कोट हातावर घेऊन जिना उतरते. रज्जाकभाई गाडीचं दार उघडतात आणि कोटाच्या छातीकडे बघून थबकतात.

"हे काय लावलंय म्हणायचं? मागच्या वेळी न्हवतं."

"हुतं. आतनं हुतं," वत्सला म्हणते. "कोटावरचा पडदा कोण काढणार हाय?"

"बाळासाहेबच की. समदी मोठी माणसं यायची हायत."

"मग त्यांनाच काढू दे. त्याच्याआधी कुणी हात लावायचा न्हाई म्हणून सांगा. आणि थांबा, मीबी येतो तुमच्यासंगं. माझी खुर्ची पहिल्या रांगेत लावा."

ती मागच्या सीटवर बसते आणि कोट मांडीवर घेते. गाडी निघते. करंगळीवर दोऱ्याचे सात वळ उमटलेत. ती उजव्या हातानं ते चोळून बघते, पण पेढी येईपर्यंत ते काही जात नाहीत.